नांदवदची सोपी वाट

जळगाव-धुळ्याला समुद्र नाही, यात माझी काहीही चूक नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण गेल्या दिवाळीपासून घरातली माणसं माझ्याकडे अशी बघताहेत, जणू मला समुद्र आणायला बाजारात पाठवलं होतं आणि मी रिकामी पिशवी हलवत परत आलो.

या सगळ्याला कारण माझी मुलगी मयुरी. ती नवऱ्याबरोबर विलायतेत राहते आणि दर रविवारी व्हिडिओ कॉल करून आमच्या देशातल्या उणिवा आम्हाला समजावून सांगते. त्या रविवारी ती समुद्रकाठी उभी होती. "बाबा, इकडे ना, ‘सर्वांसाठी सोप्या वाटा’ असतात," म्हणाली आणि तिने फोन गरागरा फिरवला. सपाट वाट, बाजूला समुद्र, थोड्या थोड्या अंतरावर बाक. वाटेवर म्हाताऱ्याच म्हाताऱ्या. एकीच्या हातात काठी, एक चाकांच्या खुर्चीत, एक जवळजवळ आंधळी, तरी कुत्र्याला घेऊन निघालेली. सगळ्या हसत होत्या आणि कोणाच्याही मागे कोणी हॉर्न वाजवत नव्हतं.

"त्यात काय एवढं?" मी म्हणालो. परदेशातलं काहीही दाखवलं की मी हेच म्हणतो, आणि बहुतेक वेळा ते तिथेच संपतं. पण माझ्या मागे पलंगावर अक्का बसली होती आणि तिनेही ते पाहिलं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण कमलबाई. सगळा जन्म चोपड्याकडे केळी आणि कपाशीत काढला. मागच्या वर्षी चार दिवसांसाठी म्हणून आमच्याकडे आली आणि आमच्या न्हाणीघरात पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, डॉक्टरांनी ॲल्युमिनियमचा चकचकीत चार पायांचा वॉकर दिला आणि सांगितलं, रोज चालायचं. आता चालल्या नाहीत तर पुढे चालताच येणार नाही. अक्का एकदा खाली गल्लीत गेलीही. समोरून येणारी एक अनोळखी बाई तिच्याकडे बघून "अरेरे!" म्हणाली आणि निघून गेली. झालं. अक्का लिफ्टने वर आली ती पुन्हा खाली उतरली नाही. पलंगापासून न्हाणीपर्यंत आणि न्हाणीपासून पलंगापर्यंत, एवढाच तिचा प्रदेश उरला. माझी बायको ज्योती रोज समजावते, मी रोज ओरडतो, डॉक्टर महिन्याच्या महिन्याला मान हलवतात. उपयोग शून्य.

फोन बंद झाल्यावर अक्का म्हणाली, "पेमा, तठल्या म्हाताऱ्या देख कशा चाली राहिन्यात. मी बी चालसू. पन माले फरशी नको. माटीनी वाट पाहिजे, सपाट पाहिजे, आनि माले देखीसन कोनी ‘अरेरे’ नही म्हनाले पाहिजे."

प्रेमराज सर म्हणून सगळं गाव मला ओळखतं; पेमा फक्त अक्का म्हणते. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. डोंगर, दऱ्या, पठारं, सगळं खडूने फळ्यावर काढलं. अशा माणसाला आपल्या जिल्ह्यात एक सपाट वाट सापडू नये? मी त्याच क्षणी ठरवलं, खानदेशात ‘सर्वांसाठी सोपी वाट’ निघणार आणि ती मी काढणार. समुद्र नसेल, पण गिरणा तर आहे. गिरणेलाही पाणी नसेल, पण पाट तर आहे!

स्कूटरवर बसून मी चहूकडे हिंडलो. तलावाकाठी सकाळी चालणाऱ्यांचीच इतकी दाटी, की चालायला जागा नाही. मळ्यांतल्या गाडरस्त्यांवर ट्रॅक्टरची चाकोरी गुडघाभर. शेवटी गिरणेचा पूल ओलांडून धरणगावकडे जाताना नांदवद नावाचं गाव लागतं, तिथे पाटाच्या कडेने जाणारी मातीची वाट सापडली. एका बाजूला पाट, दुसऱ्या बाजूला कपाशी, लांबवर केळीच्या बागा. चढ नाही, उतार नाही. भूगोलाच्या माणसाला डोळे मिटून कळावं, इतकी ती सपाट होती.

आता एवढ्यावर गप्प बसून, अक्काला रिक्षात घालून तिथे नेलं असतं, तर ही कथा इथेच संपली असती आणि माझी अब्रूही शाबूत राहिली असती. पण आमच्या इमारतीत कोणालाही न सांगता काही करणं म्हणजे गुन्हा आहे. मी स्कूटर लावत होतो आणि तळमजल्यावरच्या योगराजने विचारलं, "सर, चाकांना एवढा चिखल कुठला?" मी सांगितलं. तिथेच चूक झाली.

योगराज स्वभावाने चांगला माणूस आहे. पण थंडीच्या दिवसांत त्याला शेत दिसलं, की वांगं दिसतं. एकटा योगराजच काय, सगळं जळगाव तसंच. नोव्हेंबर लागला की इथली माणसं कोणाच्या तरी मळ्यात जाऊन हिरवी मोठाली वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजतात, बडगी नावाच्या लाकडी भांड्यात ठेचतात, भरीत करतात आणि कळण्याच्या भाकरीबरोबर खाऊन तिथेच आडवी होतात. साखरपुडा, निवृत्ती, निवडणूक, काहीही असो, शेवट भरतात होतो.

"सर, चालायला जायचं आणि भरीत नाही?" योगराजने असं विचारलं, जणू मीच काहीतरी अशुभ बोललो होतो. मी म्हणालो, "योगराज, हा चालण्याचा कार्यक्रम आहे. अक्कासाठी आहे. शांतपणे जायचं आहे." तो म्हणाला, "शांतपणेच करू ना भरीत." रात्रीपर्यंत त्याने ‘सोपी वाट’ नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता. दुसऱ्या दिवशी त्याचं नाव ‘सोपी वाट व भरीत’ झालं. तिसऱ्या दिवशी नुसतंच ‘भरीत’. मी निषेध म्हणून ग्रुप सोडला. मला परत आत घेण्यात आलं.

मग सल्ले सुरू झाले. चालणं ही गोष्ट माणूस वर्षाच्या आतच शिकतो, पण त्याबद्दल मोठ्या माणसांना इतकं सांगायचं असेल, याची मला कल्पना नव्हती. वरच्या मजल्यावरच्या डिंपलने सगळ्यांनी एकाच रंगाचे टी-शर्ट घालावेत असं सुचवलं. मी म्हणालो, अक्का नऊवारी नेसते. ती म्हणाली, मग नऊवारीही त्याच रंगाची घेऊ. इमारतीचे अध्यक्ष मोतीलालकाका गंभीर झाले. ते कशानेही गंभीर होतात. "सर, पाट सरकारी आहे. उद्या कोणी पाटात पडलं तर? लेखी परवानगी घ्या. मी सुचवलं होतं, हे लक्षात असू द्या." मोतीलालकाका आयुष्यभर काही न करता फक्त सुचवत आले आहेत, म्हणून तर ते अध्यक्ष आहेत.

मी कायदा पाळणारा माणूस. पाटाचा कारभार बघणाऱ्या कचेरीत गेलो. तिथे धनसिंग नावाचे एक गृहस्थ टेबलामागे बसले होते. माझा अर्ज त्यांनी उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

"पाणी पाहिजे?"

"नाही. चालायचं आहे."

"कोणाला?"

"सर्वांना. म्हणजे ज्यांना नीट चालता येत नाही, त्यांना."

"नीट चालता येत नाही, तर चालतील कसे?"

मी त्यांना मयुरीने दाखवलेल्या वाटेबद्दल सांगितलं. समुद्राचं नाव निघताच ते म्हणाले, समुद्र आमच्या कक्षेत येत नाही. मी म्हणालो, समुद्र नको, पाटाची कड हवी. त्यांनी खणातून एक छापील कागद काढला. तो पाणी मागणीचा होता. चालण्याचा निघालेला नाही, म्हणाले. "हंगाम कोणता लिहू? रब्बी?"

"थंडीतच जाणार आहोत."

"रब्बी. पीक?"

"पीक नाही हो, माणसं आहेत!"

"सर, पीक लिहिल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही. हरभरा लिहितो."

मी वैतागून विचारलं, की गावचे लोक रोज त्या वाटेने जातात, बैल जातात, शेळ्या जातात, त्यांनी कुठे परवानगी घेतली? धनसिंगभाऊ शांतपणे म्हणाले, "चालायला परवानगी लागतच नाही, सर. पण तुम्ही विचारलीत, आता लागणार." एवढं बोलून त्यांनी माझ्या अक्काला हरभऱ्यात घालून कागद वरिष्ठांकडे पाठवला. तो अजून तिथेच आहे. माझ्यासारख्या सेवानिवृत्त शिक्षकाला, ज्याच्या हाताखालून अर्धी कचेरी शिकून गेली असेल, त्याला हरभऱ्याच्या रांगेत उभं करावं, याचा मला अजूनही राग येतो.

रागाच्या भरात मी एकट्यानेच वाट आखायला घेतली. शाळेच्या मैदानावर खेळांच्या वेळी फक्की मारायचं काम माझ्याकडेच असायचं, त्यामुळे चुन्याची रेघ मारण्यात माझा हात कोणी धरणार नाही. पाटाच्या कडेने मी पांढरे बाण काढले. बसायच्या जागी काठीला तांबडी झेंडी लावली. लांबलचक शब्द दगडावर मावेनात, म्हणून खुणा ठरवल्या. सपाट भागाला ‘सो’, म्हणजे सोपी. बसायच्या जागेला ‘वि’, म्हणजे विश्रांती. आणि जिथे चुकूनही पाऊल टाकायचं नाही, त्या ठिकाणी भला मोठा ‘अ’, म्हणजे अयोग्य. वाटेला लागूनच एक कपाशीचं वावर होतं. ढेकळं, सऱ्या, उभ्या पऱ्हाट्या. तिथे अक्काचा वॉकर एक वीत पुढे जाणार नाही, हे मला दिसत होतं. त्याच्या बांधावरच्या दगडावर मी सर्वात मोठा ‘अ’ काढला आणि वर एक फुलीही मारली.

मागे कोणीतरी खाकरलं. पांढरी टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ माझ्या चुन्याकडे बघत उभे होते. यांचं नाव लोटन आबा, हे मला पुढे नको तितकं नीट कळलं.

"काय चाली राहिनं साहेब?" त्यांनी विचारलं.

आता ‘साहेब’ म्हटल्यावर मी जरा ताठ झालो, हे मी नाकारत नाही. मास्तराला साहेब कोण म्हणतं? मी हात झटकले आणि वर्गात सांगावं तसं सांगितलं, "आबा, सर्वांसाठी योजना आहे. पुढे मोठं काम होईल. बाहेरून माणसं येतील, तुमच्या गावाचा फायदाच आहे."

"आनि मन्हं वावर?" त्यांनी ‘अ’कडे बोट दाखवलं.

"तुमचं वावर वेगळ्या वर्गात मोडतं, आबा," मी म्हणालो, चुन्याची पिशवी उचलली आणि स्कूटरला किक मारली. वाईट वाटू नये म्हणून मी ‘अयोग्य’ हा शब्द मुद्दाम टाळला होता. माझ्या सभ्यपणाची ही किंमत.

रविवार उजाडला. ‘सर्वांसाठी सोपी वाट’ या उपक्रमाला आमच्या इमारतीतून जवळजवळ सगळी घरं आली आणि एकही माणूस चालला नाही. गाड्या पाटापर्यंत नेल्या, पाटावरून पुढे माझ्या बाणांवर चाकं घालत शेवटच्या ‘वि’पर्यंत नेल्या, आणि तिथे सतरंज्या टाकल्या. जिथे अक्काला विश्रांती मिळावी म्हणून मी झेंडी रोवली होती, तिथे योगराजने चूल पेटवली. झेंडीची काठी त्याने पहिल्या वांग्याखाली घातली. मी उभा राहून सोप्या वाटेचा हेतू समजावून सांगू लागलो. "सर, कोथिंबीर कुठे ठेवली?" असं मला मध्येच विचारण्यात आलं. मला! ज्याने वर्गात टाचणी पडली तर टाचणीला उभं केलं असतं, त्याला कोथिंबीर!

पण खरी काळजी अक्काची होती. चुलीपासून जरा लांब, वाटेच्या कडेला ज्योतीने तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, डोक्यावर छत्री धरली आणि वॉकर पुढ्यात उभा केला. अक्काने पायातली चप्पल काढून तळवा मातीला लावला. कितीतरी महिन्यांनी तिच्या चेहऱ्यावरची घडी उलगडलेली मी पाहिली. ती उठणार, एवढ्यात चहूबाजूंनी माणसं धावली. "अक्का, सावकाश!" "अक्का, मी धरतो!" "व्हिडिओ काढ, व्हिडिओ काढ!" डिंपलने टाळ्या वाजवल्या. आणि या सगळ्यावर कळस म्हणून मोतीलालकाका जवळ आले, त्यांनी वॉकरकडे पाहिलं, अक्काकडे पाहिलं आणि मान डोलावत म्हणाले, "अरेरे!"

अक्काने चप्पल पायात घातली. "पेमा, माले गाडीमा बसाड."

"अक्का, अगं दोन पावलं..."

"बसाड म्हनस ना."

मला त्या वेळी काय वाटलं, ते सांगता येत नाही. स्कूटर, चुना, हरभरा, सगळं फुकट गेलं याचा राग नव्हता. तोही होता, पण खाली भीती होती. आता ही वर गेली की परत खाली येणार नाही, हे मला लख्ख दिसत होतं. मी मोतीलालकाकांना पाटात ढकलण्याच्या विचारापर्यंत आलो होतो. लेखी परवानगी नव्हती, म्हणून थांबलो.

तेवढ्यात गावाच्या बाजूने लोक आले. पुढे लोटन आबा, त्यांच्या मागे डोक्यावर पदर घेतलेली त्यांची बायको बेबाबाई, आणि मागे बराच गाव. चेहरे भरीत खायला आलेल्या माणसांचे नव्हते.

"मोठा साहेब कोन शे?" लोटन आबांनी विचारलं.

मी पुढे झालो. त्यांनी मला हाताने बाजूला सारलं, कारण माझ्या मागे त्यांना खुर्चीत बसलेली, छत्री धरलेली, अजिबात न हसणारी अक्का दिसली होती, आणि तिच्या पुढ्यात उन्हात चमकणारा वॉकर.

"मॅडम या शेत," मागून कोणीतरी म्हणालं.

"आनि मशीन देख. तालुकाना लोके मोजनीले उनात तव्हय तीन पायनं मशीन व्हतं. हाई चार पायनं शे. काम मोठं दिखस."

मग एकदम गलका झाला. गावात कधीपासून बायपासची कुजबुज होतीच. त्यात एक माणूस स्कूटरवर येतो, चुना मारतो, झेंड्या रोवतो आणि मोठं काम होणार म्हणून सांगून जातो. बाकीचं गावाने आपापलं वाचून घेतलं होतं. ‘वि’ म्हणजे विमानतळ. ‘सो’ म्हणजे सोलर. ज्यांच्या बांधाला ‘सो’ आला होता ते खुशीत होते. ज्यांच्या बांधाला काहीच आलं नव्हतं ते भांडायला आले होते, की आमच्यावरच अन्याय का. एकाने ‘वि’च्या जागेजवळ रातोरात पत्र्याची शेड उभी केली होती, मोजणीत धरली जावी म्हणून. आणि ‘अ’चा अर्थ तर पोरांनाही माहीत होता.

"‘अ’ म्हनजे अधिग्रहन," लोटन आबा म्हणाले. "मॅडम, बठ्ठा गावमा मन्हाच वावरले ‘अ’ काबर? वर फुली बी मारेल शे. तुम्हनं हाई मशीन मन्हा वावरमा टेकाडू नका. मी टेकाडू देवाव नही."

"अहो आबा, ‘अ’ म्हणजे अधिग्रहण नव्हे!" मी ओरडलो. "‘अ’ म्हणजे अयोग्य!"

मला वाटलं, आता सगळे सुटकेचा श्वास टाकतील. लोटन आबा एक पाऊल मागे सरले आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की त्यापेक्षा अधिग्रहण परवडलं.

"अयोग्य?" ते म्हणाले. "मन्हं वावर अयोग्य? कसाले अयोग्य?"

"चालायला. ढेकळं आहेत, सऱ्या आहेत..."

"मन्हा बाप चालना येन्हामा. मी चालनू. हाई बेबा लगीन व्हईसन उनी तव्हयपासून चाली राहिनी. आनि तू कोन रे आम्हना वावरले अयोग्य म्हननारा?"

‘साहेब’वरून ‘तू’वर यायला त्यांना एक वाक्य पुरलं. गावच्या लोकांनी माझ्याभोवती कडं केलं. योगराज वांगी सोडून आला आणि मध्यस्थी म्हणून सगळ्यांना भरीत खायचं आमंत्रण देऊ लागला, त्यामुळे गावकरी आणखी चिडले. वांगी त्यांच्याच एका वावरातून न विचारता तोडली होती, हे त्यांनी ओळखलं. मी तोंड उघडलं की चार जण बोलत. मी हात जोडले, तर कोणी म्हणालं, आते हात जोडी राहिना.

"कोनतं वावर रे?"

हा आवाज अक्काचा होता. सगळे तिच्याकडे वळले.

"हाई दखा ना मॅडम," लोटन आबा पुढे आले. "तुम्हीच मशीन लावा आनि तुम्हीच सांगा."

अक्काने वॉकरच्या दांडीवर हात ठेवला. "हाई मशीन नही भाऊ," ती म्हणाली. "हाऊ मन्हा पाय शे."

आता कोणीतरी ‘अरेरे’ म्हणणार, म्हणून मी डोळे मिटून घेतले. पण लोटन आबांना त्या वेळी पाय कोणाचा आणि कसा, यात काडीचा रस नव्हता. त्यांच्या वावराची अब्रू गेली होती. ते तडकाफडकी म्हणाले, "पाय शे ना? मंग त आजून चांगलं. चाली दखा, आनि बठ्ठासमोर सांगा, अयोग्य शे का?"

आणि अक्का उठली.

तिला कोणी धरलं नाही, कारण आमच्या लोकांना गावकऱ्यांनी अडवून धरलं होतं. तिने वॉकर उचलला, बांधापलीकडे टेकवला आणि पाय टाकला. माती भुसभुशीत होती, वॉकरचे पाय रुतले. तिने ते शिवी देऊन उपटले. दुसरं पाऊल. तिसरं. मी पाटाच्या कडेने, माझ्या बाणांवरून धावत तिला हाका मारत होतो, "अक्का, इकडे! वाट इकडे आहे! सपाट इकडे आहे!" तिने वळूनही पाहिलं नाही. ती पऱ्हाट्या बघत होती.

"आंतर किती कमी शे," ती लोटन आबांना म्हणाली. "हवा कोठून खेळी?"

"पाऊस कमी व्हता, म्हनून जवळ लायी."

"पाऊसले काबर नाव ठेवस? पानंवर लाल्या रोग पडना, तरी झाड काढं नही. आनि हाई बोंड कोनासाठे ठेयेल शे? येचनी कव्हय करशी, होळीले?"

"मजूर भेटत नही अक्का," लोटन आबा म्हणाले. मॅडमची अक्का कधी झाली, ते त्यांनाही कळलं नसेल.

"मजूर भेटत नही म्हनीसन घरमा बसनात का?"

जन्मभर शेती केलेल्या माणसाला दुसऱ्याच्या वावरात सोडलं, की त्यातल्या चुका काढल्याशिवाय त्याच्याने राहवत नाही, हे मला कोणत्याच डॉक्टरने सांगितलं नव्हतं. एका सरीत ती थांबली, वाकून बोंड चाचपलं, पुढच्या सरीत तण दाखवलं. लोटन आबा प्रत्येक गोष्टीला उत्तर देत मागे मागे सरत होते आणि अक्का वाद घालत पुढे पुढे जात होती. गाव बांधावर उभं राहून ऐकत होतं. दोनदा ती डगमगली, दोनदा ती स्वतःच सावरली. अशी ती आख्खं वावर पार करून पलीकडच्या बांधाला पोचली, जिथे मी फुली मारली होती त्याच्याही पुढे, आणि तिथे टेकली.

मी वळसा घालून धापा टाकत पोचलो, तेव्हा बेबाबाई तिला तांब्याने पाणी देत होती. अक्काचे पाय घोट्यापर्यंत मातीने भरले होते, चेहरा लालबुंद झाला होता आणि ती पूर्ण समाधानाने चिडलेली होती. मला रडू आलं. का लपवू? आणि रडता रडता संतापही आला. इतके बाण काढले, इतक्या झेंड्या रोवल्या, हरभऱ्याचा अर्ज केला, आणि या बाईने माझ्या वाटेवर एक पाऊल टाकलं नाही. चालली ती नेमकी तिथे, जिथे चालता येणार नाही असं मी दगडावर लिहून ठेवलं होतं.

"मंग अक्का," लोटन आबांनी अजूनही जरा घाबरतच विचारलं, "मोजनीनं काय?"

"मी मोजं नही रे भाऊ," अक्का म्हणाली. "मी चालनू."

"आनि वावर? अयोग्य शे का?"

अक्काने मागे वळून आपण पार केलेल्या सऱ्या बघितल्या. "वावर चांगलं शे," ती म्हणाली. "तूच अयोग्य शेस. लाल्यानी झाडं कालच काढी टाकाले पाहिजे व्हतीत."

सगळा बांध हसला. लोटन आबाही हसले, आणि मला ते अजिबात आवडलं नाही, कारण माझ्या ‘अयोग्य’वर त्यांनी सगळं गाव माझ्या अंगावर घातलं होतं.

बेबाबाईने रिकामा तांब्या उचलला. "आते कव्हय येशात अक्का?"

"उद्या सकायले येस," अक्का म्हणाली. "आजून तिकडलं वावर देखाना राहिनं." मग तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या चुन्याने माखलेल्या हातांकडे पाहिलं, आणि बेबाबाईला म्हणाली, "आनि हाऊ नही उना तरी चाली."